ऑपरेशनच्या अवजारांवर ‘मेड इन इंग्लंड’ लिहायला नकार दिला, धंदा बुडाला आणि त्यातूनच गोदरेज उभं राहिलं

ऑनलाइन काहीही घ्यायचं म्हटलं की आपण आधी काय बघतो? स्टार. चार-साडेचार स्टार असतील तर बोट लगेच ‘बाय नाऊ’वर जातं. दवाखान्याचंही तसंच झालंय. घाटकोपरला दातांचा डॉक्टर शोधायचा असो नाहीतर मुलुंडला लॅब, आधी रेटिंग बघायचं आणि मग अपॉइंटमेंट घ्यायची.

पण समजा, हे स्टार नसते तर?

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत स्टार नव्हते, पण त्यांचं काम करणारी एक गोष्ट होती. ती म्हणजे वस्तूवरचा शिक्का. ‘मेड इन इंग्लंड’ असं कोरलेलं असलं की माल चांगला, विषय संपला. चाकू असो, कात्री असो, कुलूप असो की साबण, देशी म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडायचं.

एका पारशी तरुणाने हा शिक्का मारायला साफ नकार दिला. त्यात त्याचा धंदा बुडाला, डोक्यावर कर्ज राहिलं. पण गडी हटला नाही. लोक वस्तूचा दर्जा नक्की कशावरून ठरवतात, या एका प्रश्नाभोवती त्याचं पुढचं सगळं आयुष्य फिरलं. आज विक्रोळी स्टेशनबाहेर पडलं की ज्या नावाचे बोर्ड दिसायला लागतात, आपल्या आजीच्या कपाटावर जे नाव कोरलेलं असतं, ते नाव त्याचंच.

अर्देशिर बुर्जोरजी गोदरेज.

वकील झाला, पण खोटं बोलवेना

अर्देशिर यांचा जन्म २६ मार्च १८६८ चा, मुंबईतला. वडील बुर्जोरजी आणि आजोबा सोराबजी हे जमीनजुमल्याच्या व्यवहारातले. घराण्याचं मूळ आडनाव गुथराजी. १८७१ साली, म्हणजे अर्देशिर तीन वर्षांचे असताना, ते बदलून गोदरेज झालं. सहा भावंडांत अर्देशिर थोरले.

१८९० साली त्यांचं बचुबाईंशी लग्न झालं. पण संसार फार काळ टिकला नाही. २५ एप्रिल १८९१ ला मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला. त्यातल्या एक होत्या बचुबाई. या प्रकरणाने तेव्हा सगळं शहर हादरलं होतं. खटला चालला, पण त्या दिवशी टॉवरवर नक्की काय घडलं हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. अर्देशिर यांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्यांना मूलबाळही नव्हतं.

पुढे ते वकील झाले. १८९४ साली मुंबईच्या एका सॉलिसिटर फर्मने त्यांना एका अशिलाची बाजू मांडायला पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारला पाठवलं. केस बरी चालली होती. पण मध्येच त्यांच्या लक्षात आलं की अशिलाला जिंकवायचं तर सत्याला थोडा पीळ द्यावा लागणार. झालं. वकिलीत अशी तडजोड चालते हे त्यांना पटेना आणि त्यांनी केस सोडली. १८९५ साली ते मुंबईला परत आले आणि वकिलीचा नाद त्यांनी कायमचा सोडला.

तीन हजारांचं कर्ज आणि एक शिक्का

आता करायचं काय? अर्देशिर एका औषधाच्या दुकानात असिस्टंट म्हणून लागले. तिथे काम करता करता त्यांचं लक्ष ऑपरेशनच्या अवजारांकडे गेलं. डॉक्टरांचे चाकू, चिमटे, कात्र्या हा सगळा माल तेव्हा विलायतेहून यायचा. हा माल इथेच का बनू नये, असं त्यांच्या डोक्यात आलं.

त्यासाठी पैसे लागणार होते. ते गेले मेरवानजी कामा यांच्याकडे. कामा म्हणजे मुंबईतलं बडं प्रस्थ, वडिलांचे स्नेही. कामांनी साहजिकच विचारलं की बाबा रे, वडिलांकडे का मागत नाहीस? त्यावर अर्देशिर यांचं म्हणणं असं की वडील पैसे देतील, पण ते बक्षीस म्हणून, कर्ज म्हणून नाही, आणि फुकटचे पैसे नकोत. कामांनी तीन हजार रुपये दिले. १८९५ च्या हिशेबाने ही रक्कम लहान नव्हती.

अर्देशिर यांनी अवजारं बनवली. ती विकत घ्यायला एका कंपनीचे ब्रिटिश मालक तयार होते. त्यांनी माल बघितला, हाताळला. मालात खोट निघाली नाही. गाडी अडली ती एका बारीक गोष्टीवर, अवजारांवर नाव कुठल्या देशाचं घालायचं?

अर्देशिर यांचं म्हणणं, माल हिंदुस्थानात बनलाय तर तसंच लिहायचं. मालकांचं म्हणणं, असं लिहिलं तर एकही डॉक्टर हात लावणार नाही, तेव्हा ‘मेड इन इंग्लंड’ लिहू. दोघंही अडून बसले. शेवटी सौदा मोडला आणि अर्देशिर यांचा पहिला धंदा तिथेच संपला.

आता यातली गंमत बघा. चाकू तोच होता. पोलाद तेच, धार तीच, बनवणारा हात तोच. ‘मेड इन इंग्लंड’ लिहिलं असतं तर तो पहिल्या दर्जाचा ठरणार होता आणि ‘मेड इन इंडिया’ लिहिलं तर टाकाऊ. म्हणजे दर्जा मोजला जात होता तो शिक्क्याचा.

मालक काही मूर्ख नव्हते. त्यांना त्यांचा बाजार नेमका माहीत होता. म्हणूनच ही गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे.

गिऱ्हाइकाला दर्जा कळतो तरी कसा?

विसाव्या शतकात अर्थशास्त्रज्ञांनी या कोड्याचा अभ्यास केला. १९७० साली फिलिप नेल्सन यांनी वस्तूंचे दोन गट पाडले. काही वस्तू विकत घेण्याआधीच पारखता येतात. भाजीवाल्याकडची वांगी आपण दाबून बघतो ना, तसं. काही वस्तूंचा दर्जा वापरल्यावर कळतो. साबण फेसाळतो का, लवकर विरघळतो का, हे चार दिवस आंघोळ केल्याशिवाय समजत नाही.

१९७३ साली मायकल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा गट सांगितला. काही गोष्टी अशा असतात की वापरून झाल्यावरसुद्धा त्या चांगल्या होत्या की वाईट हे सांगता येत नाही. डॉक्टरांचे उपचार याच गटातले. पेशंट बरा झाला तर तो औषधाने झाला की आपोआप? ऑपरेशननंतर जखम चिघळली तर चूक चाकूची, हाताची की नशिबाची? सामान्य माणसाला हे कळायला मार्गच नसतो.

जिथे कळायला मार्ग नसतो तिथे माणूस काहीतरी खूण शोधतो. डॉक्टरची डिग्री, हॉस्पिटलची चकचकीत लॉबी, शेजाऱ्याची शिफारस किंवा मग शिक्का.

अर्देशिर यांनी धंद्याची सुरुवातच नेमकी या सगळ्यात अवघड गटातल्या वस्तूपासून केली होती. ऑपरेशनच्या अवजाराचा दर्जा पेशंटला कळत नाही आणि डॉक्टर त्यावर प्रयोग करायला धजत नाही. तिथे नवख्या देशी कारागिराला कोण उभं करणार?

खरं तर असला शिक्क्याचा खेळ तेव्हा विलायतेतही जोरात चालू होता. इंग्लंडमधलं शेफिल्ड हे चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेलं शहर. जर्मनीतल्या झोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या मालावर शेफिल्डचं नाव घालून विकतात, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. म्हणून ब्रिटिश संसदेने १८८७ साली कायदा केला आणि परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालायची सक्ती आली. हेतू असा की ‘मेड इन जर्मनी’ वाचलं की लोकांनी तो माल टाळावा. झालं उलटंच. माल चांगला निघाला आणि काही वर्षांत ‘मेड इन जर्मनी’ हीच दर्जाची खूण बनली.

म्हणजे बदनाम शिक्कासुद्धा मालाच्या जोरावर इज्जतदार होऊ शकतो. पण त्यासाठी आधी तो खरा शिक्का मालावर असावा लागतो. अर्देशिर यांनी त्या दिवशी ‘मेड इन इंग्लंड’ला होकार दिला असता तर त्यांचे चाकू कदाचित खपले असते, पण त्या प्रत्येक चाकूबरोबर विलायती मालाचंच नाव मोठं झालं असतं.

मग आलं कुलूप

धंदा बुडाल्यावर अर्देशिर यांच्या वाचनात एक बातमी आली. मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या. तो काळही तसाच होता. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली होती आणि जीव वाचवायला लाखो लोक घरांना कुलपं ठोकून शहर सोडून गेले होते.

आणि कुलपं कशी? एक तर कारागिरांनी हाताने बनवलेली, जी सराईत चोराला उघडायला वेळ लागत नसे, नाहीतर महागडी विलायती.

अर्देशिर पुन्हा कामांकडे गेले. आधीचं कर्ज फिटलेलं नसताना कामांनी पुन्हा पैसे दिले. ७ मे १८९७ ला लालबागला, बॉम्बे गॅस वर्क्सच्या शेजारी, एका छोट्याशा शेडमध्ये काम सुरू झालं. शेड किती मोठी? २१५ चौरस फूट. आज चाळीतली एखादी खोली असते तेवढी. गुजरात आणि मलबारकडचे डझनभर कामगार. गोदरेज समूह आपला जन्मदिवस मानतो तो हाच.

कुलपाचं एक बरं असतं. ऑपरेशनच्या चाकूसारखं ते पूर्णपणे अंधारात नसतं. कुलूप चांगलं की वाईट हे चोर आला की कळतं. पण त्यातही एक मेख आहे, चोर येईपर्यंत कळत नाही! १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने इंग्लंडची अभेद्य समजली जाणारी कुलपं सगळ्यांसमोर उघडून दाखवली होती. चब कंपनीचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत आणि ब्रामाचं कुलूप काही दिवसांच्या खटपटीनंतर. इंग्लंडच्या शिक्क्यातही हवा असू शकते, हे तेव्हाच सगळ्या जगाने पाहिलं होतं.

अर्देशिर यांनी काय केलं? त्यांनी कुलूप खोलून त्याचा अभ्यास केला. पहिली कुलपं ‘अँकर’ नावाने, हमी देऊन विकली. मग ‘गॉर्डियन’ नावाचं कुलूप आणलं. त्याला दोन किल्ल्या. दोन्हींनी कुलूप उघडायचं, पण त्यातल्या एका किल्लीने आतली रचना अशी बदलता यायची की दुसरी किल्ली निकामी व्हायची. म्हणजे नोकराला दिलेली किल्ली हरवली किंवा त्याच्यावरचा भरवसा उडाला तरी मालक निर्धास्त. मग ‘डिटेक्टर’ कुलूप आलं. त्यात कोणी चुकीची किल्ली फिरवली की आत आणखी एक खिट्टी पडायची. मालक आला की त्याला लगेच कळायचं, कोणीतरी हात लावलाय.

पुढची पायरी होती स्प्रिंग नसलेल्या कुलपाची. लिव्हरच्या कुलपात छोट्या छोट्या स्प्रिंगा असतात. त्या गंजतात, ढिल्या पडतात, तुटतात आणि मग खऱ्या किल्लीनेही कुलूप उघडत नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तर हे ठरलेलंच. अर्देशिर यांनी स्प्रिंगाच काढून टाकल्या. जे आतमध्ये नाहीच ते तुटणार कसं, असा साधा हिशेब.

या सगळ्यात एक सूत्र दिसतं. कुलपाचा दर्जा गिऱ्हाइकाला आपल्या हाताने तपासता यावा, अशी सोय त्यांनी कुलपातच करून ठेवली. गॉर्डियनची दुसरी किल्ली चालते की नाही हे मालक घरी बसून बघू शकत होता. त्याला शिक्का वाचायची गरज उरली नाही.

आगीतून तावून निघालेली तिजोरी

कुलपांनंतर अर्देशिर तिजोऱ्यांकडे वळले. त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली १९०२ साली.

तिजोरीला दोन शत्रू, चोर आणि आग. चोराला पत्रा कापायचा असतो, सांधा उचकटायचा असतो. म्हणून अर्देशिर यांनी सांधेच कमी केले. वेगवेगळे पत्रे जोडण्याऐवजी एकच पोलादी पत्रा ठिकठिकाणी वाकवून तिजोरीचं अंग बनवायची पद्धत त्यांनी आणली. आगीचं दुखणं वेगळं असतं. तिजोरी जळाली नाही तरी आतली हवा इतकी तापते की कागद कोळसा होतात. त्यासाठी उष्णता आत जाणार नाही अशा भिंती आणि फट राहणार नाही असा दरवाजा लागतो. दरवाज्याच्या रचनेसाठी त्यांनी पेटंटही घेतलं.

१९०६ च्या सुमाराला धाकटा भाऊ पिरोजशा धंद्यात आला. अर्देशिर यांचं डोकं नवीन वस्तू शोधण्यात चालायचं आणि पिरोजशांचं कारखाना चालवण्यात. जोडी जमली. १९११-१२ च्या भारतदौऱ्यात इंग्लंडच्या राणी मेरी यांच्यासाठी गोदरेजची तिजोरी वापरली गेली, असं सांगितलं जातं. ज्या देशाचा शिक्का नाकारला म्हणून पहिला धंदा बुडाला, त्याच देशाच्या राणीच्या सामानाला देशी तिजोरी!

आता तुम्ही म्हणाल, गोदरेज ठीक आहे, पण ‘गोदरेज अँड बॉइस’मधला हा बॉइस कोण? तर झालं असं की धंदा स्थिरावल्यावर अर्देशिर कामांचं कर्ज फेडायला गेले. कामा तेव्हा आजारी होते. त्यांनी पैसे परत घ्यायचं नाकारलं आणि त्याऐवजी बॉइस नावाच्या आपल्या पुतण्याला धंद्यात सामावून घे, असं सांगितलं. अर्देशिर यांनी त्याला भागीदार केलं. बॉइसचं मन काही या धंद्यात रमलं नाही आणि तो थोड्याच काळात बाहेर पडला. नाव मात्र काढलं गेलं नाही. पडत्या काळात पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसाची आठवण म्हणून ते आजही पाटीवर आहे.

तिजोरीची खरी परीक्षा मात्र अर्देशिर यांच्या मृत्यूनंतर झाली. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. शेकडो माणसं दगावली, गोदीच्या आसपासचा परिसर कित्येक दिवस धुमसत होता. ढिगारे उपसल्यावर तिथल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधली कागदपत्रं शाबूत निघाली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांमध्ये त्याची चर्चा झाली. अशा पुराव्यानंतर जाहिरातीची गरज राहत नाही.

चरबी नसलेला साबण

कुलूप झालं, तिजोरी झाली. मग अर्देशिर यांनी हात घातला साबणाला.

त्या काळातल्या साबणात प्राण्यांची चरबी असायची. साबण बनतो तो चरबी किंवा तेल आणि अल्कली यांच्या संयोगातून. जनावराच्या चरबीचा साबण टणक होतो, हळू झिजतो आणि स्वस्त पडतो. नुसतं वनस्पती तेल घेतलं तर साबण मऊ पडतो, म्हणून चरबीशिवाय चांगला साबण होत नाही असा समज होता. पण हिंदुस्थानातल्या असंख्य घरांमध्ये जनावराची चरबी अंगाला लावणं हे धर्माला, आहाराच्या नियमांना धरून नव्हतं. म्हणजे जो साबण तंत्राच्या हिशेबाने उत्तम, तो इथल्या गिऱ्हाइकाच्या हिशेबाने चालणारा नव्हता.

इथे दर्जाचा एक वेगळाच पैलू समोर आला. वस्तू टिकाऊ आहे, काम चोख करते, एवढ्यावर भागत नाही. वापरणाऱ्याच्या मनाला ती पटली पाहिजे.

अर्देशिर यांनी खटपट करून वनस्पती तेलापासून साबण तयार केला. १९१८-१९ च्या सुमारास ‘चावी’ नावाचा कपडे धुण्याचा साबण आला. चावी म्हणजे किल्ली. कुलपांवर कमावलेला भरवसा साबणाच्या वडीवर आणायचा हा प्रयत्न होता. त्यानंतर अंगाला लावायचा साबण आला आणि त्याला नाव दिलं ‘नंबर टू’. नंबर वनच्या आधी नंबर टू! यामागचं कारण असं सांगतात की लोकांनी नंबर टू वापरावा आणि हाच इतका चांगला, तर नंबर वन कसा असेल, असं म्हणत वाट बघावी. ‘नंबर वन’ आला १९२२ साली. तो आजही दुकानात मिळतो.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बघायला पाहिजे. शिक्क्यावर जाऊ नका म्हणणाऱ्या या माणसाच्या साबणाला मोठमोठ्या नावांचा आधार मिळाला. रवींद्रनाथ टागोर, ॲनी बेझंट, राजगोपालाचारी अशा मंडळींनी या साबणाची भलामण केली आणि ती जाहिरातीत वापरली गेली. आजच्या भाषेत सांगायचं तर इन्फ्लुएन्सर मार्केटिंगच. महात्मा गांधींचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. दुसऱ्या एका साबणवाल्याने त्यांच्याकडे शिफारस मागितली तेव्हा गोदरेजबंधूंबद्दल वाटणाऱ्या आदरामुळे त्यांनी ती द्यायला नकार दिला.

मग यात विसंगती नाही का? थोडी आहेच. अनोळखी साबण पहिल्यांदा हातात घ्यायला लावायचा तर ओळखीचं नाव लागतं, हे अर्देशिर यांनाही कळत होतं. फरक इतकाच की साबण रोज वापरायची वस्तू. टागोरांचं नाव वाचून माणूस पहिली वडी घेईल, पण दुसरी वडी तो आपल्या अंगाच्या अनुभवावरूनच घेतो. ऑपरेशनच्या चाकूवरच्या खोट्या शिक्क्याला असा पडताळाच नव्हता.

स्वदेशी म्हणून वाईट माल का घ्यायचा?

अर्देशिर पक्के राष्ट्रवादी होते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर पैसे गोळा होत होते. एक कोटीचं उद्दिष्ट होतं. त्यात एकट्या अर्देशिर यांनी दिले तीन लाख रुपये. हा पैसा अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी आणि दारूबंदीच्या कामासाठी वापरला जावा, अशी त्यांची इच्छा होती.

पण स्वदेशीच्या एका मुद्द्यावर त्यांचं पुढाऱ्यांशी पटत नव्हतं. देशी माल महाग असो, हलका असो, देशासाठी त्याग म्हणून तो घ्या, असं आवाहन केलं जायचं. अर्देशिर यांना हे मान्य नव्हतं. गिऱ्हाइकाच्या देशप्रेमाच्या आडोशाला कारखानदाराने आपला हलका माल खपवायचा, तर तो कारखानदार कधी सुधारणारच नाही, असा त्यांचा रोख होता. देशी माल विलायतीच्या तोडीचा किंवा त्याहून सरस असला पाहिजे आणि लोकांनी तो त्यासाठीच घेतला पाहिजे.

म्हणजे १८९५ साली ‘मेड इन इंडिया’ या शिक्क्यासाठी धंदा सोडणारा हाच माणूस पुढे सांगत होता की नुसत्या त्या शिक्क्यावर माल विकत घेऊ नका. दोन्ही वेळेला मुद्दा एकच होता. शिक्क्याने खरं सांगावं, आणि मालाने स्वतःच्या जोरावर उभं राहावं.

१९२८ साली अर्देशिर यांनी धंद्याची सगळी सूत्रं पिरोजशांकडे दिली आणि ते नाशिकला शेती करायला गेले. कुलपात, साबणात यश देणारं त्यांचं प्रयोगशील डोकं शेतीत मात्र फारसं चाललं नाही. १९३६ साली त्यांचं निधन झालं.

विक्रोळीचं पर्व

अर्देशिर यांनी विक्रोळीचा कारखाना पाहिलाच नाही. पिरोजशांनी १९४३ साली लिलावात विक्रोळीची मोठी जमीन घेतली. तेव्हा घाटकोपर आणि मुलुंडमधला हा पट्टा म्हणजे झाडी, खाडी आणि खारफुटी. लालबागच्या २१५ चौरस फुटांतून निघालेला धंदा इथे येऊन पसरला.

याच विक्रोळीत एका मोठ्या परीक्षेची तयारी झाली. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. देशभर लाखो पोलादी मतपेट्या लागणार होत्या. आतून बंद होणाऱ्या, कोणाला हात घालता येणार नाही अशा, आणि तरीही स्वस्त. गोदरेजने त्यातल्या साडेबारा लाखांहून जास्त पेट्या विक्रोळीत बनवल्या. एका पेटीची किंमत जेमतेम पाच रुपये. चोर आत शिरू नये म्हणून अर्देशिर यांनी ज्या कुलपांवर डोकं शिणवलं, तीच विद्या आता नव्या देशाचं मत सुरक्षित ठेवायला कामी आली.

आज या गोष्टीचं काय?

अर्देशिर यांच्या काळात गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलणारं फारसं कोणी नव्हतं. औषधांचा कायदा आला १९४० साली. मालाचे निकष ठरवणारी आयएसआय ही संस्था १९४७ साली सुरू झाली आणि तिचा शिक्का वस्तूंवर दिसायला लागला १९५५ पासून. ग्राहक संरक्षण कायदा यायला १९८६ उजाडलं. वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र नियम आले ते थेट २०१७ साली. म्हणजे ज्या ऑपरेशनच्या अवजारांपासून अर्देशिर यांची गोष्ट सुरू होते, त्यांचा दर्जा तपासायची नीट व्यवस्था उभी राहायला सव्वाशे वर्षं लागली. त्यांच्या त्या वादाचा विषयही आज कायद्यात आहे. २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या मालावर तो कुठल्या देशात बनला हे सांगावंच लागतं.

शिक्क्याची जागा आता स्टारने घेतलीय आणि खोटे शिक्के होते तसे खोटे रिव्ह्यूही आहेत. म्हणून २०२२ साली भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीसुद्धा एक मानक काढलं.

मग आपण काय करायचं? स्टार बघा, पण वस्तू कुठल्या गटातली आहे तेही बघा. साबणाचं उदाहरण घ्या. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर टीएफएम म्हणून एक आकडा छापलेला असतो, साबणात मूळ स्निग्ध पदार्थ किती आहे हे सांगणारा. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर तो पहिल्या प्रतीचा, ७० च्या पुढे दुसरी प्रत, ६० च्या पुढे तिसरी. हा आकडा कुठल्याही सेलिब्रिटीपेक्षा जास्त सांगतो. तपासता येणारा आकडा आहे, पडताळून बघता येतो.

हॉस्पिटलच्या बाबतीत मात्र स्टारवर फार विसंबू नका. वेटिंग किती करावं लागलं, रिसेप्शनवर कसं बोलले, पार्किंग मिळालं का, हे पेशंट नक्की सांगू शकतो. ऑपरेशन नीट झालं का, अवजारं नीट निर्जंतुक केली होती का, हे त्याला कळलेलंच नसतं, मग तो त्याला स्टार कुठून देणार? तिथे डॉक्टरची नोंदणी, हॉस्पिटलला मिळालेली मान्यता बघायची, शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं आणि प्रश्न विचारायला लाजायचं नाही.

अर्देशिर गोदरेज यांचे ते चाकू-चिमटे कधी कुठल्या ऑपरेशन थिएटरपर्यंत पोहोचलेच नाहीत. ते किती चांगले होते हे ठरवायची संधीच कोणाला मिळाली नाही, कारण माल बघण्याआधी सगळे शिक्का बघत होते. पुढच्या वेळी चार स्टार बघून बोट ‘बाय नाऊ’वर जाईल तेव्हा ते स्टार नक्की कशाला मिळालेत, एवढं एकदा खाली स्क्रोल करून वाचा.